तान्ह्या बाळाला श्वासाच्या त्रासामुळे ॲडमिट केलंय? मग घरच्यांनी काय काय करायचं

आमचं दुसरं बाळ १९ दिवसांचं असताना ॲडमिट झालं आणि आठ दिवस आत होतं. निदान ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्यांना सूज आणि त्यात चिकट कफ, आणि टेस्टमध्ये निघाला आरएसव्ही. हा व्हायरस मोठ्यांना झाला तर बहुतेक वेळा काही दिवस नाक गळतं आणि विषय संपतो, आमच्या मोठीला तसंच झालेलं. पण तान्ह्या बाळाच्या नळ्याच इतक्या बारीक की तेवढाच कफ त्याला जड जातो. मी डॉक्टर नाही, बाळाचा बाप आहे, त्यामुळे औषधं कुठली आणि किती हे मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. मी लिहितोय ते घरच्यांच्या वाटचं.

कारण पहिल्या दिवशी तिथे असं वाटतं की आपल्या वाटचं काही उरलेलंच नाही. श्वास बघायला मशीन, औषधाला सिस्टर, आणि आपण भिंतीला टेकून उभे. मला दुसऱ्या दिवशी रात्री कळलं की घरच्यांकडे तीन कामं असतात आणि ती दुसरं कोणी करत नाही: दूध, झोप आणि वही. बाकी सगळं याच्या आजूबाजूला.

आधी थोडं, कधी न्यायचं याबद्दल

तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतोच. भराभर घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, मग परत सुरू, आणि आपल्या पोटात गोळा. एवढं चालतं. म्हणूनच श्वास मोजायचा तर बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की हमखास चुकतं. ६० किंवा वर आला तर लगेच परत मोजा, परत तेवढाच आला तर निघा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय, पोट उडतंय, नाकपुड्या फुलतायत, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतोय, यातलं काही दिसलं तर मोजत बसायचीही गरज नाही. ताप १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, हा तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी थेट डॉक्टरकडे जायचा आकडा आहे, आणि उलटं, बाळ गार पडत असेल तरी तेच, कारण इतक्या लहान बाळाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही. ओठ किंवा जीभ निळसर दिसली, श्वास २० सेकंद थांबला, बाळ उठवून उठत नाही, तर ॲम्ब्युलन्स.

आमच्याकडे पहिली खूण मात्र यातली कुठलीच नव्हती. बाळ दूध पिता पिता सोडून द्यायचं. दोन घोट, सोड, रड, परत दोन घोट. तान्ही बाळं मुख्यतः नाकाने श्वास घेतात, नाक चोंदलं की पिणं आणि श्वास दोन्ही एकदम जमत नाही, एवढं साधं आहे ते. आम्हाला वाटलं पोट दुखतंय. नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी दूध जात असेल किंवा बारा तास डायपर कोरडा असेल तर "उद्या बघू" म्हणू नका. आणि एक, फोनवर श्वासाचा व्हिडिओ काढून ठेवा, कपडे वर करून, छाती-पोट दोन्ही दिसेल असा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाळ कधी कधी एकदम शहाण्यासारखं झोपतं आणि मग आपल्यालाच खोटं पडल्यासारखं वाटतं.

मॉनिटरचं व्यसन

आत गेल्यावर बाळाच्या अंगावर वायरी, हाताला सलाईनची सुई, नाकात ऑक्सिजनची नळी, ती हलू नये म्हणून दोन्ही गालांवर चिकटपट्टी, आणि पायाला गुंडाळलेला एक पट्टा ज्यात लाल दिवा. त्या पट्ट्यातून सॅच्युरेशन कळतं, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती. पहिल्या रात्री मी बाळाकडे बघितलंच नाही, स्क्रीनकडे बघत होतो. ९४, ९५, ९३. मग एकदम ७१ आणि बीप बीप बीप. मी ओरडलोच. सिस्टर आल्या, त्यांनी स्क्रीनकडे न बघता आधी बाळाकडे बघितलं, छातीवर हात ठेवला, ओठ बघितले, मग पायाचा पट्टा जरा घट्ट केला आणि आकडा ९५. बाळाने पाय झाडला होता, एवढंच. पाय हलला, पट्टा सैल झाला, पाय गार पडला, की आकडा खोटा पडतो. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी बाळ बघा, मग मशीन." त्यानंतर मी खुर्चीच फिरवली, स्क्रीन पाठीमागे आणि बाळ समोर.

याचा अर्थ अलार्मकडे दुर्लक्ष करा असा नाही. वाजला आणि कोणी आलं नाही तर बोलवा, कितीही वेळा, लाजू नका. पण पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या की कुठल्या आकड्याखाली तुम्हाला काळजी वाटते आणि किती वेळ खाली राहिला तर. बऱ्याच ठिकाणी ९० किंवा ९२ ची रेघ धरतात, तुमच्या बाळाची वेगळी असू शकते, पण रेघ माहीत असली की ९३ बघून घाम फुटत नाही. हृदयाचे ठोकेही १३०-१५० वगैरे दिसतील, तान्ह्या बाळाचे तेवढेच असतात, मला वाटलं मशीनच बिघडलंय.

आणखी एक जे आम्हाला कोणी आधी सांगितलं नाही आणि त्यामुळे आम्ही नको तेवढे घाबरलो, हा आजार पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त असतो आणि मग उतरतो. आम्ही आजाराच्या दुसऱ्या दिवशी ॲडमिट केलं, चौथ्या दिवशी बाळाची साधी नळी काढून हाय फ्लो लावला (गरम आणि ओलसर हवा जोरात नाकात सोडतात, आवाज येतो बारीक शिट्टीसारखा), आणि आम्हा दोघांना वाटलं की यांच्याकडून काहीतरी चुकतंय, बाळ आत येऊन बिघडलं. तसं नव्हतं, आजार त्याच्या वाटेने चालला होता. साध्या नळीवरून हाय फ्लो, त्यावरून सीपॅप (सतत दाबाने नाकातून हवा देणारं मशीन), क्वचित व्हेंटिलेटर, ही शिडी आहे, वरच्या पायरीवर गेलं म्हणजे बाळ हातचं गेलं असं नाही, बाळ दमतंय म्हणून मशीन थोडं ओझं उचलतंय.

"अँटिबायोटिक का देत नाही" यावरून मी एकदा आवाजही चढवलाय, आता लाज वाटते. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि ब्रॉन्किओलायटिसमध्ये नेब्युलायझरच्या वाफेतून देतात त्या औषधांचा नि स्टिरॉइडचाही सहसा फायदा होत नाही, म्हणजे ऑक्सिजन, दूध-पाणी पोटात जाणं, नाक साफ ठेवणं हीच ट्रीटमेंट, ती दिसायला फार कमी वाटते. पण हे या एका आजाराचं. न्यूमोनिया बॅक्टेरियाचा असेल तर अँटिबायोटिक लागतंच, आणि बाळ इतकं लहान असलं की रक्ताच्या कल्चरचा (रक्तात बॅक्टेरिया वाढतायत का ते बघतात) रिपोर्ट येईपर्यंत दीड-दोन दिवस ते सुरू करूनही ठेवतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं तयार नसतात ते वेगळं, जन्मानंतर फुप्फुसात पाणी राहून धाप लागते आणि बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत निवळते ते वेगळं. म्हणून शेजारच्या बेडवरच्या बाळाशी तुलना करू नका. आम्ही रोज करायचो.

दूध

हे सगळ्यात मोठं काम आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. श्वास मिनिटाला ६० च्या पुढे असताना बाळाला तोंडाने पाजलं तर दूध श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून नाकातून पोटात नळी टाकतात किंवा सलाईनवर ठेवतात. आईच्या अंगावर पिणारं बाळ असेल तर आता बाळ पीत नाही आणि दूध तर येतंय, किंवा काळजीने येतच नाही. दोन्हीवर उपाय एकच, बाळ जेवढ्या वेळा प्यायलं असतं तेवढ्या वेळा दूध काढायचं, २४ तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीचंही. रात्रीचं चुकवलं की दूध कमी व्हायला लागतं आणि छातीत गाठी येतात त्या वेगळ्या. हॉस्पिटलला पंप मागा, बहुतेक ठिकाणी असतो, नसेल तर हाताने कसं काढायचं ते सिस्टरकडून शिकून घ्या.

पहिल्यांदा बायकोने पहाटे तीनला अर्धा तास बसून काढलं तर बाटलीच्या बुडाला जेमतेम १० मिली. ती रडायला लागली. मी म्हणालो असू दे गं, थोडं तर थोडं, जे मला वाटतं तिला त्या क्षणी ऐकायचं नव्हतं. सिस्टरने ते दहा मिली तसंच घेतलं, आणि पुढे किती काढलं हे बाईला मोजूच द्यायचं नाही असं मला बजावलं, बाटलीवर पायमोजा चढवा आणि मग काढा. त्याने खरंच फरक पडला, दोन दिवसांत ५०-६० यायला लागलं.

बाटलीवर बाळाचं नाव, तारीख, वेळ लिहायची. काढलेलं दूध साध्या खोलीच्या तापमानाला चार तासांपर्यंत आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं, पण आजारी बाळासाठी हॉस्पिटलचा नियम याहून कडक असला तर तोच पाळा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, कुठे गार कुठे उकळतं असं होतं, कोमट पाण्यात बाटली उभी करा. बाळ पावडरच्या दुधावर असेल तर पंपाची भानगड नाही, आणि त्यावरून त्या आईला कोणी काही ऐकवू नये, तिथे तर मुळीच नाही.

नळीने पाजणं बघायला आधी कसंतरीच होतं. सिरिंजचा दट्ट्या काढून टाकतात, नुसती नळकांडी नळीला जोडतात, त्यात दूध ओततात आणि हाताने बाळापेक्षा थोडी वर धरतात, दूध आपोआप हळूहळू उतरतं, ढकलायचं नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरने ती माझ्या हातात दिली. मी डाव्या हाताने सिरिंज धरलेली, उजव्या हाताची करंगळी धुऊन बाळाच्या तोंडात, आणि ते चोखत होतं, चोखणं आणि पोट भरणं याची जोडी त्याच्या डोक्यात तुटू नये म्हणून असं करतात. आधी डॉक्टरांना विचारा, चालत असेल तर बापाने, आजीने, मावशीने हे जरूर करावं, वीस मिनिटं हात अवघडतो पण पहिल्यांदाच वाटतं की आपण काहीतरी केलं. तोंडाने परत सुरू करताना मात्र घाई नको. पहिल्या वेळी आमचं बाळ पाच मिनिटांत दमून झोपलं, उरलेलं नळीने दिलं, असं दोन दिवस चाललं.

झोप, आणि फोन

आई बाळंतीण आहे हे सगळे विसरतात, ती स्वतःसुद्धा. टाके, रक्तस्राव, पाठ, आणि ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली. तिचं खाणं-पाणी, तिच्या गोळ्या, तिचं आडवं होणं याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका, "सगळे बघू" म्हणालात की कोणीच बघत नाही. आमच्याकडे ते काम माझ्या आईने घेतलं आणि चोख केलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

पाळ्या लावा, पहिल्याच दिवशी. आम्ही दोघंही दोन रात्री जागलो, तिसऱ्या दिवशी डॉक्टर काय बोलून गेले ते दोघांनाही आठवेना आणि मग त्यावरून आम्हीच भांडलो, कॉरिडॉरमध्ये, दबक्या आवाजात. नंतर ठरवलं, रात्री दहा ते तीन मी, तीन नंतर ती, आणि ज्याची पाळी नाही त्याने खरंच झोपायचं, फोन बंद करून. बाळाजवळ नसणं म्हणजे त्याला सोडून जाणं नाही हे तिला पटायला वेळ लागला, मी सांगून नाही पटलं, सिस्टरने सांगितल्यावर पटलं.

नातेवाइकांचे फोन. माया असते, मान्य, पण "आता कसं आहे?" हे दिवसात तीस वेळा सांगायचं म्हणजे तीस वेळा तेच परत जगायचं. मी माझ्या बहिणीला सांगितलं, ताई, तू सगळ्यांना कळव, आम्ही तुला रोज संध्याकाळी एक मेसेज करू, बाकी कोणाचा फोन उचलणार नाही. दोन जण रागावले. रागावू देत.

रडू येणं, चिडचिड, बाळंतपणानंतर दोन आठवडे हे तसंही होतं, त्यात हे. पण दोन आठवड्यांच्या पुढेही मन उचलत नसेल, झोपायला मिळूनही झोप येत नसेल, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं असेल, किंवा नको नको ते विचार येत असतील तर तिच्या डॉक्टरांना सांगा, आणि शेवटचं असेल तर लगेच, त्याच दिवशी. बापालाही होतं हे.

वही

साधी दोनशे पानी, पेन दोऱ्याने बांधलेलं (पेन लोक नेतात). वेळ, दूध किती मिली आणि कसं, शू-शी, ऑक्सिजन किती लिटर, काही वेगळं दिसलं तर ते. डायपर तिथे वजन करतात, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली शू, म्हणून वापरलेला डायपर विचारल्याशिवाय फेकू नका, मी दोन फेकले आणि बोलणी खाल्ली. शेवटच्या पानावर प्रश्न. सकाळचा राऊंड आमच्या बेडपाशी तीन-चार मिनिटं थांबायचा आणि त्या तीन-चार मिनिटांत डोकं कोरं व्हायचं, लिहिलेलं असलं की वाचून विचारता येतं. मी रोज तेच विचारायचो: कालपेक्षा काय बदललं, आज तुम्ही कशावर लक्ष ठेवताय, घरी जायच्या आधी काय काय जमलं पाहिजे. आणि उत्तर आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा, "म्हणजे रात्री दोन लिटरवर नीट राहिलं तर सकाळी एकवर आणणार, बरोबर ना?" अर्ध्या वेळा बरोबर नसतं, आणि ते तिथेच कळतं.

हात लावू का?

लावा. विचारून, पण लावा. फार चोळू-थोपटू नका, दमलेल्या बाळाला तेही जास्त होतं, एक तळवा डोक्यावर आणि एक पायांशी नुसता ठेवायचा, न हलवता. डॉक्टर हो म्हणाले तर वायरींसकट छातीशी घ्या, उघड्या छातीवर उघडं बाळ, वरून पांघरूण. कांगारू पद्धत म्हणतात ती, १९७८ साली कोलंबियात बोगोटाला इन्क्युबेटर कमी पडत होते तेव्हा सुरू झाली. आमचं बाळ अंगावर घेतलं की श्वास जरा संथ व्हायचा, निदान मला तसं वाटायचं.

हात मात्र प्रत्येक वेळी, साबणाने, वीस सेकंद. आरएसव्ही टेबलावर, कठड्यावर काही तास जिवंत राहतो, आणि आपण हात धुऊन लगेच खिशातला फोन काढतो, तो कोण पुसतं? सर्दीवाला माणूस कितीही जवळचा असो, दारातूनच परत. आईलाच सर्दी असेल तर मास्क लावून, हात धुऊन पाजायला सहसा काही हरकत नसते. मोठ्या भावंडाला खरं सांगा, त्याच्या मापाचं. आमची मोठी चार दिवस गप्प होती, मग आजीला विचारलं की माझ्यामुळे झालं का. तिला कोणी काही बोललं नव्हतं, पण कानावर पडतंच. त्या रात्री मी घरी गेलो आणि तिच्याजवळ झोपलो, हॉस्पिटलची पाळी बहिणीने केली.

घरी आल्यावर

सोडतात तेव्हा साधारण एवढं बघतात, नळीशिवाय साध्या हवेत, झोपेतसुद्धा, सॅच्युरेशन टिकतंय, दूध पुरेसं जातंय, आणि घरचे सांभाळू शकतील. निघण्याआधी लिहून घ्या, कुठलं औषध किती दिवस, परत कधी दाखवायचं, रात्री काही झालं तर फोन कुठे. लसींचंही तिथेच विचारा. आरएसव्हीसाठी गर्भारपणात आईला द्यायची लस आणि बाळाला द्यायचं अँटिबॉडीचं इंजेक्शन २०२३ पासून काही देशांत मिळतंय, सगळीकडे नाही. आणि हो, एकदा झाला म्हणून परत होत नाही असं नाही.

खोकला लगेच जात नाही, दोन-तीन आठवडे राहतो, आमच्या बाळाचा विसाव्या दिवशी थांबला. पाजण्याआधी नाकात सलाईनचे थेंब, तेही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. खोकल्याचं सिरप, बाम, कापूर, वाफ, मध, नाकात तेल, यातलं काहीही नको, सांगणारे खूप भेटतील. घरात सिगरेट नाही, बाल्कनीतसुद्धा नाही, कपड्यांना वास राहतो. झोपवायचं पाठीवर, सपाट, उशीशिवाय. वॉर्डात आमचं बाळ कधी पालथं ठेवायचे पण तिथे मॉनिटर असतो, घरी तसं नाही करायचं. थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा.

पहिल्या रात्री बीप बीप नाही म्हणून झोप लागेना. मी दर वीस मिनिटांनी पोटावर हात ठेवून बघत होतो. चौथ्या रात्री दोन वाजता श्वास मोजला तर ६२, परत मोजला तर ६४, आणि आम्ही सरळ गाडी काढली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पंधरा मिनिटं बघितलं, नाक साफ केलं, बाळ शांत झाल्यावर परत मोजला, ४८. घरी जा म्हणाल्या, आणि परत असं वाटलं तर परत या. येताना बाळ गाडीत झोपलं, आणि त्याच्या शेजारी बायकोही.